तीन मिनिटं

माझं काम दिव्यांचं.
माणूस माइकपाशी आला की हिरवा,
तीस सेकंद उरले की पिवळा,
मग लाल, आणि बझर.
बझर शाळेच्या बास्केटबॉलचाच, उसना आणलेला.
ॲरिझोनाच्या या कोपऱ्यात, काउंटीच्या कचेरीत
मला अकरा वर्षं झाली.
माझं आडनाव कुणाच्या जिभेवर बसेना,
म्हणून सगळे म्हणतात, मिस पी.

आज जिममध्ये दोनशे खुर्च्या मांडल्या, पुरल्या नाहीत.
विषय एकच: खोऱ्यातल्या पाण्यासाठी
खोऱ्यातल्यांचं मंडळ असावं की नसावं.
नोव्हेंबरात मतदान. आज नुसतं बोलायचं.

सध्याचा नियम सोपा आहे:
ज्याची बोअर खोल, त्याचं पाणी.
पिस्त्याच्या बागांची दीड हजार फूट.
त्यांचा वकील फीनिक्सहून आला होता,
बोलला सुरेख, पिवळ्या दिव्यालाच आभार मानून थांबला.
म्हणाला, मंडळ आलं की कागद येतात, कागदामागून शिक्के,
उद्या स्वतःच्या परसातल्या पाण्यासाठी
तुम्हालाच परवानगी मागावी लागेल.
टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, बऱ्याच पडल्या.

डेल्फिना एस्कार्सेगा उठली.
जूनमध्ये तिच्या नळानं वाळू ओकली,
तेव्हापासून अंगणात टाकी, आणि आठवड्याला टँकर.
"परवानगी? माझी कुणी घेतली होती?"
एवढंच. सहा सेकंद.
उरलेला हिरवा तसाच जळत राहिला.

मग ऑर्व्हल टॅकेट.
वय एक्याऐंशी. खोऱ्यातल्या निम्म्या बोअर यानंच मारलेल्या,
पिस्तेवाल्यांच्या पहिल्या दोनसुद्धा.
माइक त्यानं बाजूला सारला.
खांद्यावरून स्टीलच्या टेपचं रीळ उतरवलं,
टोक एका शाळकरी पोराच्या हातात दिलं, म्हणाला, चाल.

या बास्केटपासून त्या बास्केटपर्यंत, चौऱ्याऐंशी फूट:
"चौऱ्याहत्तर साली माझ्या दारात पाणी इथं होतं."
पोरगं दारातून बाहेर, कोकच्या मशीनपाशी:
"अठ्ठ्याण्णव."
पोरगं पार्किंगमध्ये, अंधारात दिसेनासं,
रीळ नुसतं गरगरतंय,
आणि दोनशे माणसं त्या आवाजाकडे कान लावून.

आमच्या भाषेत संशय आला की म्हणतात,
कुठंतरी पाणी मुरतंय.
इथं कित्येक वर्षांत कुठंच मुरलेलं नाही,
हाच तर घोळ.

लाल दिवा लागला तेव्हा पोरगं अजून चालतच होतं.
मी बझर वाजवला.
वाजवायला नको होता, असं नंतर दोघी-तिघी म्हणाल्या.
पण वकिलाला तीन मिनिटं तर त्यालाही तीन,
नाहीतर मी तिथं बसले कशाला?
ऑर्व्हल बसला. टेप तशीच राहिली,
पुढचे एकोणीस वक्ते तिला ओलांडून माइकपाशी गेले.
वकीलही गेला ओलांडून, पँट जराशी वर धरून.

मला कुणी विचारलं नाही. विचारणार कसं?
माझं कार्ड हिरवं, पासपोर्ट अजून निळा.
मत आहे मला, पण मत नाही,
आणि हे वाक्य इथं कुणाला सांगावं
तर दोन वेगळे शब्द वापरावे लागतात,
मग त्यातली गंमतही जाते आणि कळही.

दहा वाजता खुर्च्या रचत होतो.
ऑर्व्हल फडक्यानं पुसत पुसत टेप गुंडाळत होता.
"मिस पी, रविवारी तुमची मोजू.
त्याला मत लागत नाही."

रविवारी आला. टेपला निळा खडू चोळला,
बोअरच्या तोंडातून हळूहळू सोडली,
वर ओढली तेव्हा खडू जिथवर ओला झाला होता
तिथं अंगठा ठेवून वाचलं: चारशे अकरा.
वहीत सदतीस घरं होती, माझं अडतिसावं.
एकेक अक्षर विचारून त्यानं लिहिलं, पारसनीस,
आणि समोर आकडा.

माझा पंप चारशे तीसवर आहे.
त्यानं वजाबाकी केली नाही.
मीही मोठ्यानं केली नाही.